एक घर, तीन पॅन आणि एसटीच्या सवलतीचं प्रमाणपत्र

२०२५च्या जूनमधला शेवटचा रविवार. बाहेर पावसाची रिपरिप आणि लोकांची आयकर रिटर्न भरून देणाऱ्या माझ्या टेबलावर कापडी पिशवीतून ओतलेला एका घराचा वर्षभराचा संसार: दोन फॉर्म सोळा (पगाराचे आणि त्यातून कापलेल्या कराचे दाखले), गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, विम्याच्या पावत्या, औषधांच्या बिलांचा चुरगळलेला गठ्ठा आणि बारा भाडेपावत्या, प्रत्येकीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप चिकटवलेलं. समोर नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील. "काका, यंदा रिफंड किती सुटेल?" हा त्याचा पहिला प्रश्न.

तो हिंजवडीत नोकरीला, ती अनुदानित शाळेत शिक्षिका. आजोबा एसटीतून निवृत्त झालेले, वय ७१. आजी ६७ वर्षांच्या, त्या पावसामुळे घरीच थांबल्या होत्या. आठ वर्षांचा एक मुलगा. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आकडे थोडे गोल केलेत. हिशेब आर्थिक वर्ष २०२४-२५चा आहे आणि कलमांचे आकडे १९६१च्या कायद्यातले. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५च्या कायद्याने घेतली आणि कलमांना नवे क्रमांक मिळाले, पण हे प्रकरण जुन्याच कायद्याखालचं.

"आमच्याकडे सगळं एकत्रच असतं," ती म्हणाली. ज्याचा फोन हाताशी असेल तो बिल भरतो. मराठी घरात यात वावगं काही नाही. पण आयकर कायद्याला हे घर दिसतच नाही. त्याला दिसतात पॅन. प्रत्येक पॅनचं उत्पन्न वेगळं, वजावट वेगळी, आणि पैसे कुणाच्या खात्यातून, कुणासाठी, कसे गेले यावर ती मिळणार की बुडणार हे ठरतं. पुढचे अडीच तास आम्ही हेच करत बसलो: एका पिशवीतले कागद तीन ढिगांत वाटत.

पहिला ढीग त्याचा. वर्षाचा ढोबळ पगार १७,४०,०००. कंपनीला त्याने जुनी रिजीम, म्हणजे जास्त वजावटी देणारी जुनी करपद्धत, कळवलेली. फॉर्म सोळावर घरभाड्याची सूट १,५६,०००, प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, गृहकर्जाचं व्याज २,००,०००, ८०सी या बचत-गुंतवणुकीच्या कलमाखाली १,५०,००० आणि स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्यविम्याचे २५,०००. करपात्र उत्पन्न ११,५६,५००. कंपनीने पगारातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, १,६५,८३०. वरवर पाहता टापटीप.

८०सीचं बघा. त्याच्या पीएफचे १,००,८००, कर्जाच्या मुद्दलाचे १,८०,००० आणि एलआयसीचे ३६,०००. बेरीज ३,१६,८००, आणि मोजले जातात फक्त दीड लाख. पीएफ आणि मुद्दल यातच मर्यादा ओसंडून गेली आहे, तरी दर मार्चला "टॅक्स वाचवायला" म्हणून पॉलिसी घ्यायची सवय सुटत नाही. मुलाच्या शाळेची ट्यूशन फीसुद्धा याच दीड लाखात बसते, म्हणजे इथे बसतच नाही. विमा हवा म्हणून विमा घ्या, माझी हरकत नाही.

गृहकर्जाचं व्याज वर्षाला ३,६०,०००. राहत्या घरासाठी एका माणसाला २ लाखांची मर्यादा. उरलेले १,६०,००० बायकोच्या नावावर दाखवता येतील का, असं त्याने विचारलं, कारण कर्जात ती सहअर्जदार आहे. मी इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, मागितला. त्यावर एकट्या त्याचंच नाव. मालकीत नाव नसेल तर नुसती कर्जावर सही करून व्याजाची वजावट मिळत नाही. बँकेने पात्रता वाढवायला तिची सही घेतली, आणि ॲग्रीमेंटच्या वेळी घाईत कुणाला तिचं नाव घालायचं सुचलं नाही. ती काही बोलली नाही. कागद उलटा करून बाजूला ठेवला एवढंच.

मग भाडेपावत्या.

महिना २०,०००, वर्षाचे २,४०,०००. घरमालक म्हणून सही आजोबांची, आणि भाडं वर्षाला लाखाच्या वर असल्याने आजोबांचा पॅनही कंपनीला दिलेला. मी विचारलं, हे घर कुठलं? तो हसला. "काका, ऑफिसात सगळेच लावतात."

आई-वडिलांना भाडं देणं यात गैर काही नाही, हे आधी सांगतो. घर वडिलांच्या नावावर असेल, मुलगा खरंच बँकेतून भाडं देत असेल आणि वडील ते आपल्या उत्पन्नात दाखवत असतील, तर सूट पूर्ण कायदेशीर आहे. इथे घर मुलाचं, त्याच घराच्या कर्जाचं व्याज 'स्वतः राहतो' म्हणून घेतलेलं, आणि भाडं घेणारे आजोबा त्याच घरात हॉलमध्ये झोपणारे. एक रुपयाही खात्यांतून फिरलेला नाही. या १,५६,०००च्या सुटीने वाचलेला कर उपकरासह ४८,६७२. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कलम २७०अ खाली कराच्या दुप्पट, म्हणजे आणखी ९७,३४४.

तो वाद घालायच्या बेतात होता. तेवढ्यात आजोबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "माझं पण बघून ठेव. बँकेने पैसे कापलेत." त्या कागदाने भाडेपावत्यांचा निकाल लावला.

आजोबांच्या निवृत्तीच्या रकमेच्या ठेवी एकाच बँकेत, वर्षाचं व्याज १,९८,०००. पीएफच्या ईपीएस-९५ योजनेची पेन्शन महिना ३,०००, वर्षाची ३६,०००. एकूण २,३४,०००. नव्या रिजीममध्ये सगळ्यांनाच आणि जुन्या रिजीममध्ये साठीपुढच्यांना त्या वर्षी ३ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे त्यांचा कर शून्य. तरी बँकेने १० टक्क्यांनी १९,८०० कापले, कारण ज्येष्ठांचं व्याज एका बँकेत ५०,०००च्या वर गेलं की कापायचे हा तेव्हाचा नियम, आणि "माझा कर बसत नाही, कापू नका" असं सांगणारा फॉर्म १५एच आजोबांनी दिलाच नव्हता. आदल्या वर्षीही दिला नव्हता. "उत्पन्न करपात्र नाही तर रिटर्न कशाला?" हे त्यांचं म्हणणं. कापलेला टीडीएस हा सरकारजमा झालेला तुमचाच पैसा असतो. २६एएस या खात्याच्या करनोंदीच्या पत्रकात तो तुमच्या पॅनसमोर दिसतो, पण रिटर्न भरून मागितल्याशिवाय परत येत नाही.

आता गंमत बघा. आजोबांनी रिफंडसाठी रिटर्न भरायचं तर त्यात व्याज आणि पेन्शन दाखवायची. त्याच पॅनवर मुलाने २,४०,००० भाडं दिल्याचं कंपनीकडे नोंदलेलं. बापाच्या रिटर्नमध्ये भाडं नाही, मुलाच्या रिटर्नमध्ये भाड्याची सूट आहे, आणि दोन्ही रिटर्न एकाच पत्त्यावरून. हे जुळवायला खात्याला आता माणूस लागत नाही. "मग बाबांच्या रिटर्नमध्ये भाडं दाखवू," असं तो म्हणाला. म्हणजे एका खोट्याला आधार म्हणून दुसरं. मी नकार दिला. आजोबा मुलाकडे बघत म्हणाले, "तू मला भाडं देतोस होय? मग जानेवारीपासूनचं राहिलंय." खोलीतला ताण तिथे उतरला.

भाड्याची सूट काढून टाकली. फॉर्म सोळावर आहे म्हणून रिटर्नमध्ये घ्यावीच लागते असं नसतं. पुढे १४ जुलैला आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी खोट्या वजावटींची तपासणी केली तेव्हा त्याचा फोन आला होता. फोनवर त्याने फक्त "बातमी वाचली" एवढंच म्हटलं.

सूट गेल्यावर त्याचं करपात्र उत्पन्न १३,१२,५०० झालं. एआयएस, म्हणजे खात्याकडचं वर्षभराच्या उत्पन्नाच्या नोंदींचं पत्रक, उघडलं तर आणखी ३८,००० सापडले, त्याच्या नावच्या मुदत ठेवीचं व्याज. बँकेने टीडीएस कापला नाही, कारण त्या वर्षी साठीखालच्यांसाठी मर्यादा ४०,०००ची होती. कापला नाही म्हणून करमुक्त, हा गैरसमज मी दर जूनमध्ये निदान पाच जणांचा काढतो. बचत खात्याचं व्याज ६,२०० होतं, ते ८०टीटीए खाली जुन्या रिजीममध्ये पूर्ण वजा होतं.

खरं काय मिळतं याच्या शोधाला आम्ही आता लागलो. आजी-आजोबांचा आरोग्यविमा नाही. आजींना मधुमेह, आजोबांची अँजिओप्लास्टी झालेली, कंपन्यांनी पाठ फिरवली. फारच थोड्यांना माहीत असतं की साठीपुढच्या आई-वडिलांचा विमाच नसेल तर त्यांच्या औषधपाण्याचा खर्च आरोग्यविम्याच्या ८०डी कलमात ५०,०००पर्यंत घेता येतो. अट एकच, पैसे रोख दिलेले नकोत.

बिलांचा गठ्ठा सोडला. आजींच्या मोतीबिंदूचं ४६,०००चं बिल होतं. मी खूश झालो. मग व्यवहार बघितला तर यूपीआय बायकोच्या खात्यातून. त्या दिवशी तो मीटिंगमध्ये होता, दवाखान्यात सासूबाईंसोबत ती होती. ८०डी मध्ये 'आई-वडील' म्हणजे स्वतःचे. सासू-सासरे त्यात येत नाहीत. मुलाने पैसे दिले नाहीत म्हणून त्याला नाही, आणि सासू आहे म्हणून सुनेला नाही. ४६,००० दोन्ही खुर्च्यांच्या मधून खाली पडले. "म्हणजे मी सेवा करायची आणि कायद्याने मी त्यांची कुणी नाही," ती म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग बारीकसारीक वेचलं. दरमहा १,९००ची औषधं तो ऑनलाइन मागवतो, त्याचे २२,८००. आजोबांच्या हृदयाच्या तपासण्या त्याच्या कार्डवरून, १८,५००. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून रोखीने आणलेलं सगळं बाद. ४१,३०० हाती लागले. गणेश मंडळाची ५,००० वर्गणीही त्याने पुढे केली. एक तर रोख, त्यात मंडळाला देणगीवर सूट देणारी ८०जी मान्यता नाही. २,०००च्या वरचं रोख दान तसंही चालत नाही. ती पावती मी परत पिशवीत टाकली.

एवढ्यावर मी दोन्ही रिजीमची बेरीज मांडली, आणि जुनी हरत होती. नवीत कर २,१०,८७०, जुनीत २,१३,४७०. म्हणजे इतका वेळ बिलं वेचून उलट २,६०० जास्त. कागद आवरायला घेतले तेव्हा पिशवीच्या तळातून प्लास्टिकच्या कव्हरमधलं एक प्रमाणपत्र घसरून बाहेर आलं.

"ते नको, ते एसटीचं आहे," आजोबा म्हणाले.

मुलाला जन्मापासून ऐकू कमी येतं. सरकारी रुग्णालयाचं ६५ टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र तीन वर्षांपूर्वी काढलेलं. त्यावर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, आणि आजोबा एसटीतलेच, त्यामुळे त्यांनी ते जिवापाड सांभाळलेलं. मुलाची स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा चालू, कानाच्या यंत्राची दुरुस्ती असतेच. इतक्या वर्षांत घरातल्या कुणालाच हा कागद आयकराशी जोडावासा वाटला नव्हता.

कलम ८०डीडी. अवलंबून असलेल्या दिव्यांग कुटुंबीयावर उपचार, प्रशिक्षण, पुनर्वसन यासाठी खर्च होत असेल तर ७५,०००ची वजावट. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. ही ठोक रक्कम आहे. खर्च २०,००० झाला काय आणि दोन लाख झाला काय, वजावट तीच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यासाठी फॉर्म १०आयए लागतो, श्रवणदोषाला वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र पुरतं. रिटर्नमध्ये यूडीआयडीचा तपशीलही विचारतात, तो तयारच होता.

३० टक्क्यांच्या पायरीवर ७५,००० म्हणजे उपकरासह २३,४०० कर कमी. जुनीचा कर १,९०,०७० वर आला. नवीपेक्षा २०,८०० कमी. त्या एका कव्हरने पारडं फिरवलं. मात्र पगारदाराला जुनी रिजीम घ्यायची तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. मुदत चुकली की नवीच गळ्यात. त्या वर्षी ३१ जुलैची तारीख आधी १५ सप्टेंबर, मग १६ सप्टेंबर झाली, पण आम्ही थांबलो नाही.

"मागची वर्षं?" तिने लगेच विचारलं. प्रमाणपत्र तीन वर्षं जुनं, प्रश्न रास्तच. सुधारित रिटर्नची मुदत तेव्हा त्या त्या आकारणी वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपायची. नंतर भरता येणारं अद्ययावत रिटर्न कर वाढवायला चालतं, रिफंड मागायला नाही. ते पैसे गेले.

त्याचा शेवटचा हिशेब: कर १,९०,०७०, टीडीएस १,६५,८३०, भरायचे २४,२४०, आणि आगाऊ कर न भरल्याचं २३४बी व २३४सीचं व्याज सुमारे २,०००. रिफंड विचारत आलेला माणूस चलन भरून गेला. रागावला नाही. ९७,०००चा आकडा मी कागदावर मोठा लिहिला होता.

दुसरा ढीग तिचा, आणि तिने काहीच मागितलं नव्हतं. नेहमीचा पगार ७,६०,०००, त्यात त्या वर्षी २०१७-१८ आणि २०१८-१९ या वर्षांच्या वेतननिश्चितीचा राहिलेला फरक ९५,००० एकरकमी आला. नव्या रिजीममध्ये ७५,०००ची प्रमाणित वजावट जाऊन ७,८०,००० करपात्र, कर २९,१२०. शाळेने तो मार्चच्या पगारातून कापलाही. फरक आला नसता तर करपात्र उत्पन्न ६,८५,००० राहिलं असतं आणि ७ लाखांच्या आतल्या ८७अ सुटीमुळे कर शून्य. म्हणजे जुन्या कामाचे ९५,००० उशिरा मिळाले आणि त्यातले २९,००० उशिराच्या पायी गेले.

यावर कलम ८९ची सवलत आहे. फरक ज्या वर्षांचा, त्या वर्षांत मिळाला असता तर किती कर बसला असता ते काढायचं, आणि आत्ताच्या वाढलेल्या करातून वजा करायचं. ही सवलत नव्या रिजीममध्येही मिळते. २०१७-१८चे ४०,००० आणि २०१८-१९चे ५५,०००. त्या दोन्ही वर्षी ती ५ टक्क्यांच्या पायरीत होती. त्या वेळच्या उपकरांसह २,०६० आणि २,८६०, मिळून ४,९२०. सवलत २४,२००. पण आधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरायचा, मगच रिटर्न. उलटं केलं की सवलत नाकारल्याची सूचना हमखास येते.

१०ईला जुन्या वर्षांचं करपात्र उत्पन्न लागतं. तिने दुसऱ्या दिवशी दोन्ही जुने फॉर्म सोळा आणून दिले, पंच केलेले, वर्षवार लावलेले. लोखंडी कपाटात शाळेच्या आदेशांच्या फाइलमध्ये होते म्हणाली. त्या घरात एकटीच्या कागदांना शिस्त होती, आणि रिफंडही तिचाच मोठा.

राहिला पुढच्या वर्षाचा प्रश्न. २०२५-२६ पासून नव्या रिजीमच्या पायऱ्या रुंदावल्या. १२ लाखांपर्यंत सुटीमुळे कर नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२,७५,०००. म्हणजे तिला कर नाहीच. त्याचा पगार तोच धरला तर नवीत कर सुमारे १,४७,५००, जुनीत तेच १,९०,०००. ४२,०००हून अधिक फरक. एनपीएस या पेन्शन योजनेतले जादा ५०,००० आणि औषधांची उरलेली मर्यादा भरूनही जुनी १८,०००च खाली येते. त्याला सांगितलं, ऑफिसला नवी कळव. नवीत उरतो तो मोठा मार्ग एकच, कंपनीने स्वतःच्या बाजूने एनपीएसमध्ये भरलेली रक्कम, मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत. त्याच्या बाबतीत १,१७,६००, कर वाचतो सुमारे २४,०००. पैसे बरीच वर्षं अडकतात, हेही सांगितलं.

त्याच्या ठेवीबद्दल बोललो. बायकोला पैसे देऊन तिच्या नावे ठेव केली तर व्याज फिरून त्याच्याच उत्पन्नात धरतात. आईला दिले तर नाही. मुलाने आईला दिलेल्या भेटीवर करही नाही. पण ते पैसे मग आईचे. उद्या वारसाहक्काने त्यात बहिणीचाही वाटा येईल. ते चालणार असेल तरच. तो गप्प बसला. आजोबा म्हणाले, "चालेल की."

आजोबांचा १५एच त्याच आठवड्यात बँकेत दिला. तिन्ही रिटर्न जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेले. आजोबांचे १९,८०० सगळ्यात आधी आले. त्यांचा फोन आला तो मात्र रिफंडसाठी नव्हता.

"ते कव्हर तुझ्याकडेच राहिलंय का? सोमवारी नातवाला घेऊन साताऱ्याला जायचंय. कंडक्टर झेरॉक्स चालवून घेत नाही."